पारणे

माझी आई चातुर्मास पाळीत असे. आषाढातल्या शयनी एकादशीला देव निजले की तिचे एकभुक्त सुरू होई, आणि कार्तिकातल्या प्रबोधिनीला देव जागे झाले की दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, ते सुटे. त्या चार महिन्यांत ती दिवसातून एकदाच, तेही दुपारी, जेवी. रात्री आम्हां भावंडांची पाने मांडून ती पेज वाढी, वर लोणच्याची फोड ठेवी आणि स्वतः चुलीच्या कडेला निखारे सारखे करीत बसून राही. आमच्या घरात देवाशी बोलावयाची भाषा मराठी होती आणि जेवणाखाण्याची कोंकणी. म्हणून आरती मराठीत होई, पण ‘तू का जेवत नाहीस’ असे कोणी विचारले तर आई कोंकणीतच म्हणे, “म्हाका उपास.” एवढ्यावर प्रश्न संपत असे. उपास म्हटल्यावर पुढे काही विचारावयाचे नसते.

त्या चार महिन्यांतले आज मला फारसे आठवत नाही. आठवतो तो द्वादशीचा दिवस. पारणे अमुक वेळेच्या आत झाले पाहिजे असा भटजींचा निरोप आदल्या रात्रीच देवळातून आलेला असे. तुळशीवृंदावन रंगविलेले, त्याला ऊस टेकविलेला, चिंचा-आवळ्यांच्या डहाळ्या खोवलेल्या. आई स्नान करून तुळशीला पाणी घाली, नैवेद्य दाखवी आणि पानावर बसे. तिचा पहिला घास आम्ही टक लावून पाहत असू. त्या घासासरशी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटे ते पाहून मला वाटे की उपासाचे सारे पुण्य या एका घासात साठविलेले असावे. पुढे जाणता झाल्यावर मी त्याचा अर्थ माझ्यापुरता असा लावला, की माणसाला उपास सोसतो तो पुढे पारणे आहे म्हणून. ज्याचा शेवट पंचांगात लिहून ठेवलेला आहे तेवढ्यालाच व्रत म्हणावयाचे.

हा अर्थ मी कित्येक वर्षे मनात बाळगला होता. त्याची परीक्षा झाली ती मात्र आमच्या गावापासून फार दूर, जिथे तुळस तर नाहीच, पण माणसाच्या उंचीचे झाडही मोठ्या मुश्किलीने वाढते अशा एका किनाऱ्यावर.

माझी मुलगी लग्न होऊन कॅनडात विनिपेग शहरी गेली. २०२२ सालच्या दिवाळीला मी तिच्याकडे होतो. भाऊबीज झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, आलाच आहात तर पांढरी अस्वले पाहून या. मीही येते. आणखी काही वर्षांनी ती तिथे दिसतील की नाही, कोण जाणे.” तिच्या बोलण्यातला उत्तरार्ध मी तेव्हा प्रवासाचा आग्रह म्हणूनच ऐकला. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, मंगळवारी, आम्ही विनिपेगच्या स्थानकावर चर्चिलची गाडी धरली.

चर्चिल हे हडसन उपसागराच्या पश्चिम काठावरचे गाव. विनिपेगपासून लोहमार्गाने सुमारे १,७०० किलोमीटर. तिथवर मोटाररस्ता नाही. जावयाचे ते आगगाडीने किंवा विमानाने. १९२९ साली रूळ तेथे पोहोचले. २०१७ च्या वसंतात पूर आला आणि जागोजाग रुळांखालची भूमी वाहून गेली, तेव्हा सुमारे दीड वर्ष हे गाव रेल्वेविना राहिले. गाडी दोन रात्री चालते. पहिल्या दिवशी शेते, दुसऱ्या दिवशी सूचीपर्णी अरण्य. मग झाडे हळूहळू ठेंगणी होत जातात, विरळ होतात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर नुसता आडवा प्रदेश उरतो. खालची जमीन बारमाही गोठलेली, वरची दलदलीची. त्यामुळे गाडी अगदी जपून पावले टाकते. वस्ती पाहावी तर आमच्या एखाद्या वाड्याएवढी. २०२१ च्या जनगणनेत तेथे ८७० माणसे मोजली गेली. किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटांवर अस्वलांपासून सावध राहण्याच्या पाट्या लावलेल्या आहेत, आणि रस्त्यात अस्वल समोर आले तर कोणालाही आत शिरता यावे म्हणून लोक घरांना व मोटारींना कुलपे घालीत नाहीत. गोव्यातल्या आमच्या लहानपणीच्या उघड्या दारांची मला आठवण झाली. फक्त येथे दारे उघडी ठेवण्याचे कारण वेगळे होते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही उंच चाकांच्या एका प्रचंड गाडीत बसून गावाबाहेरच्या उजाड मैदानात गेलो. ती नोव्हेंबरची चार तारीख. आपल्याकडील पंचांगाप्रमाणे त्या दिवशी प्रबोधिनी एकादशी होती आणि घरच्या रिवाजाप्रमाणे मी उपास धरला होता. आमची वाटाडी मध्यम वयाची, तेथेच जन्मलेली, क्री जमातीची बाई होती. तिने गाडी थांबविली आणि नुसते बोट दाखविले. खुरट्या झुडपांत, खडकाच्या आडोशाला, एक मोठे अस्वल पुढच्या दोन्ही पंजांवर हनुवटी टेकून पडले होते. त्याचा रंग बर्फासारखा शुभ्र नव्हता. जुन्या हस्तिदंतासारखा किंचित पिवळा होता. त्याच्या पलीकडे उपसागराचे करडे पाणी हलत होते आणि काठच्या खडकांना बर्फाची पातळ कड धरली होती. अस्वलाने एकदा मान उचलून पाण्याकडे पाहिले, वारा हुंगला आणि पुन्हा मान खाली ठेवली.

आम्ही तेथे तासभर होतो. त्या तासात त्याने एवढेच केले.

वाटाडीने सांगितलेली माहिती आणि पुढे मी वाचलेले यांतून त्या प्राण्याचा जीवनक्रम मला असा समजला. पांढऱ्या अस्वलाला शास्त्रज्ञांनी जे लॅटिन नाव दिले आहे त्याचा अर्थ ‘समुद्रातले अस्वल’ असा आहे, आणि ते सार्थ आहे. जन्म जमिनीवर झाला तरी त्याचे शेत समुद्र होय. तेही गोठलेला समुद्र. बर्फाला भोके पाडून सील नावाचे सागरी प्राणी श्वासासाठी वर येतात. त्या भोकापाशी अस्वल तासन्‌तास निश्चल बसते आणि सील वर आला की झडप घालते. त्याला हवी असते ती मुख्यतः सीलची चरबी. मोकळ्या पाण्यात सील त्याच्या हाती लागत नाही. बर्फ आहे तोवर अन्न आहे. उत्तरेकडच्या कित्येक भागांत बर्फ पुरता कधीच वितळत नसे. तेथली अस्वले त्याच्यामागून फिरत. पण हडसनचा उपसागर दक्षिणेला पडतो. त्याचा सारा बर्फ दर उन्हाळ्यात विरघळतो. मग तेथल्या अस्वलांना निरुपायाने किनारा गाठावा लागतो, आणि शरद ऋतूच्या शेवटी पाणी पुन्हा गोठेपर्यंत अंगातल्या चरबीवर राहावे लागते. चर्चिलजवळ नदीचे गोडे पाणी समुद्रात येते. ते खाऱ्या पाण्याआधी गोठते. म्हणून बर्फ लवकर धरण्याच्या या जागेभोवती अस्वले येऊन वाट पाहत थांबतात.

जुलैत किनाऱ्यावर यावयाचे आणि नोव्हेंबरात परतावयाचे! मी मुलीला म्हणालो, “अग, हा तर चातुर्मास झाला. आषाढात धरला आणि कार्तिकात सोडला.” मला त्या योगायोगाचा मोठा आनंद झाला. खडकाच्या आडोशाला पडलेला तो प्राणी मला एखाद्या तपस्व्यासारखा दिसू लागला, आणि कोणाच्या लक्षात येणार नाही असे मी त्याला हातही जोडले.

मुलीने माझे म्हणणे इंग्रजीत वाटाडीला सांगितले. ती बाई हसली नाही. थोडे थांबून ती म्हणाली, “उपास खरा. पण हे अस्वल निवांत पडलेले नाही. ते शक्ती राखून आहे. उठून चालले तर चरबी लवकर संपेल. माझ्या लहानपणी या सुमारास अस्वले बर्फावर जाण्याच्या बेतात असत. आता किती दिवस थांबावे लागेल, ते आम्हालाही सांगता येत नाही आणि त्यालाही कळत नाही.”

तिचे हे शब्द ऐकताच मला माझी मावशी आठवली.

आई गेली तेव्हा तिच्या बाराव्याला मावशी आली होती. आल्यागेल्यांशी बोलताना मी मोठ्या अभिमानाने आईच्या चातुर्मासाचे वर्णन करीत होतो. मावशी ऐकत होती. सारे गेल्यावर तिने मला ओसरीवर बोलावले आणि म्हणाली, “बाबू, माहेरी असताना तुझ्या आईने कधी चातुर्मास केला नाही. लग्नानंतरच धरला. आषाढ लागला की तुमच्या कणगीचा तळ दिसू लागे. नवे भात घरात येईस्तोवर सहा तोंडांना पुरवायचे, तर कोणाचे तरी एक पान कमी व्हायलाच हवे होते. उपास म्हटले म्हणजे तुम्ही मुले जेवत होता. भूक म्हटली असती तर एकाच्याही घशाखाली घास उतरला नसता.” मग तिने त्या एका वर्षाची गोष्ट सांगितली, ज्या वर्षी मानशीजवळचा बांध फुटला, नदीचे खारे पाणी खाजनात शिरले आणि उभे पीक गेले. त्या वर्षी कार्तिकी द्वादशी आली नि गेली, तरी आईचे एकभुक्त चालूच राहिले. मला ते आठवत होते. ‘नवस केला आहे’ असे आईने आम्हाला सांगितले होते, आणि आम्ही तेही खरे मानले होते.

मी त्या गाडीत बसून पुन्हा एकदा अस्वलाकडे पाहिले. जोडलेले हात मला जड वाटू लागले. उपाशी जीवाला पाहून त्याच्या पाया पडणे फार सोपे असते. तो उपाशी का आहे, हे मी आयुष्यात दुसऱ्यांदा विचारावयाचे विसरलो होतो.

त्या अस्वलांच्या कणगीचा तळ कसा दिसू लागला, याचा हिशेब गेली चाळीस वर्षे शास्त्रज्ञ ठेवीत आले आहेत. १९८० च्या सुमाराच्या मानाने आता उपसागरातला बर्फ लवकर फुटतो आणि उशिरा धरतो. दोन्ही टोके मिळून अस्वलांचा किनाऱ्यावरचा काळ तीन ते चार आठवड्यांनी वाढला आहे. उपासात अस्वलाचे वजन दिवसाला सुमारे एक किलोने घटते. महिनाभराची ही वाढ म्हणजे तीस किलो. यातही लवकर बर्फ फुटण्याचा घाव अधिक खोल. कारण वसंत आणि ग्रीष्माचा आरंभ हाच सीलच्या लठ्ठ पिल्लांचा हंगाम, अस्वलाची वर्षाची बेगमी तेव्हाच व्हावयाची. बर्फ लवकर गेला की कणगी अर्धी भरलेली असतानाच उपास सुरू होतो.

कोणी म्हणेल, जमिनीवरचे काही खाऊन ही अस्वले का राहत नाहीत? या प्रश्नाचे उत्तरही मिळालेले आहे. २०१९ ते २०२२ या काळात याच किनाऱ्यावरच्या २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून त्यांचा दिनक्रम पाहण्यात आला. २०२४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणी गवत खाल्ले, कोणी रानफळे, कोणी पक्ष्यांची अंडी, कोणी जुनी हाडे चघळली. कोणी दूरवर पोहून आली. काही नुसतीच पडून राहिली. वीसपैकी १९ अस्वलांचे वजन घटले. खटपट करणारी आणि पडून राहणारी यांत फारसा फरक उरला नाही. कारण जे मिळाले ते मिळविण्यातच खर्च झाले.

आईपण आले की हा हिशेब आणखी कठीण होतो. अस्वलीचा समागम वसंतात होतो. पण गर्भ लगेच रुजत नाही. तो शरद ऋतूपर्यंत नुसता थांबून राहतो. तोवर मादीच्या अंगी पुरेशी चरबी साठली तरच तो गर्भाशयात रुजतो. नाही तर शरीर आपल्या आपणच त्याला नकार देते. रुजला तर ती जमिनीत विवर करून आत शिरते. चर्चिलच्या दक्षिणेला १९९६ साली राखीव केलेल्या वापुस्क राष्ट्रीय उद्यानात अशी विवरे पुष्कळ आहेत. क्री भाषेत वापुस्क म्हणजे पांढरे अस्वल. हिवाळ्याच्या आरंभी त्या अंधारात पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे वजन अर्ध्या किलोहून थोडेसेच अधिक असते. आई त्यांना पाजते. स्वतः मात्र किनाऱ्यावर आल्यापासून फेब्रुवारी-मार्चात पिल्लांना घेऊन बर्फावर जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ महिने, काहीही खात नाही. स्वतःच्या अंगातून दुसऱ्याचे पान वाढावयाचे, याचे याहून पूर्ण उदाहरण मला ठाऊक नाही. या किनाऱ्यावर पूर्वी एका आईमागे तीन पिल्लेही दिसत. आता तसे क्वचितच घडते.

चर्चिलमध्ये एक जुनी लष्करी इमारत आहे. गावात शिरणाऱ्या अस्वलांना पकडून तेथे कोठड्यांत ठेवतात, आणि पाणी गोठले की किंवा हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडून देतात. त्या कोठडीत अस्वलाला पाणी मिळते; अन्न मिळत नाही. माणसाच्या वस्तीत खावयास मिळते असे त्याला वाटू नये म्हणून हा नियम. नियम योग्य आहे, हे पटते. तरीही तो ऐकताना मला भागवतातील अंबरीषाची कथा आठवली. द्वादशी सरत आलेली, पारणे तर झालेच पाहिजे, आणि अतिथी दुर्वास अजून नदीवरून परतलेले नाहीत. अशा पेचात राजाने केवळ पाण्याचा घोट घेतला. पाणी घेतले तर पारणे झाले असेही म्हणता येते आणि नाही असेही. कोठडीतल्या अस्वलाचे पाणी मात्र दुसऱ्याच अर्थाचे. त्याची द्वादशी टळली आहे, आणि ती टाळणारे आपण बाहेर उभे आहोत.

‘आपण’ हा शब्द मी सवयीने लिहिलेला नाही. माझी सारी नोकरी मुरगावच्या बंदरात, जहाजांवरच्या मालाचा हिशेब लिहिण्यात गेली. पूर्वार्ध लोहखनिजाचा होता: बार्जी नदीतून खनिज आणीत, जहाजे ते परदेशी नेत. उत्तरार्ध दगडी कोळशाचा झाला: जहाजे कोळसा आणीत आणि मालगाड्या तो घाटावरच्या पोलादाच्या कारखान्यांकडे नेत. किती टन उतरला, किती उरला, किती भिजला, हे मी वर्षानुवर्षे लिहिले. वास्कोतल्या घरांच्या खिडक्यांवर काळी पूड बसे आणि आम्ही ती पुसत असू. ती पुसली की कोळशाचा आणि आपला संबंध संपला, अशी माझी समजूत होती. त्याच पगारातून मुलगी शिकली आणि त्याच शिक्षणावर ती विनिपेगला गेली.

हिशेबनीसाला आकडा दिसला की त्याचा गुणाकार केल्यावाचून राहवत नाही. २०१६ साली दोन शास्त्रज्ञांनी एक आकडा प्रसिद्ध केला: एक टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेत गेला की उत्तर ध्रुवाभोवतीच्या सप्टेंबरमधील सागरी बर्फातून सुमारे तीन चौरस मीटर बर्फ कमी होतो. आता एक टन चांगला कोळसा जळला की त्याला हवेतला प्राणवायू येऊन मिळतो आणि पावणेतीन टनांच्या आसपास हा वायू तयार होतो. सत्तर हजार टनांचे एक जहाज घेतले तर जवळजवळ दोन लाख टन वायू. म्हणजे सहा लाख चौरस मीटर, साठ हेक्टर बर्फ. एका जहाजाचा. हडसन उपसागरात सप्टेंबरात मुळी बर्फच नसतो, तेव्हा हे साठ हेक्टर त्या अस्वलाच्याच पायाखालचे होते असे मी म्हणणार नाही. पण ज्या उष्णतेने ते गेले तिनेच त्याचे तीन-चार आठवडेही गेले. माझ्या वहीत अशी जहाजे किती उतरली, हे मी मोजू लागलो आणि लवकरच थांबलो.

कोळशाने पोलाद झाले, पोलादाचे पूल झाले, रूळ झाले. चर्चिलला मी गेलो तो रुळांवरूनच. अस्वल पाहावयास मी अर्धी पृथ्वी ओलांडून विमानाने गेलो, तोही धूरच. त्यामुळे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखविण्याचा अधिकार मला नाही. एवढेच म्हणता येते, की जे जळते ते जिथे जळते तिथे राहत नाही. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. त्याने सारी पृथ्वी तापते, पण उत्तर ध्रुवाचा प्रदेश १९७९ पासून इतर पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. त्याचे एक कारण सोपे आहे. हिमाच्छादित बर्फ आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी बहुतांश परत फेकतो. उघडे पाणी बहुतांश गिळते. बर्फ गेला की पाणी तापते, आणि तापलेले पाणी आणखी बर्फ नेते. १९८० च्या सप्टेंबरात ध्रुवाभोवतीचा बर्फ सुमारे ७५ लाख चौरस किलोमीटर उरला होता. २०१२ च्या सप्टेंबरात तो ३४ लाखांवर आला.

या साऱ्याची नोंद ठेवणाऱ्यांत आपलीही माणसे आहेत, आणि ती माझ्या कचेरीच्या अगदी डोक्यावर होती. वास्कोला हेडलँड सड्यावर १९९८ पासून राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्री संशोधन केंद्र आहे. त्याच केंद्राकडे स्वालबार बेटांवरच्या ‘हिमाद्री’ या भारतीय स्थानकाची व्यवस्था आहे. २००८ साली ते उघडले, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून भारतीय शास्त्रज्ञ तेथे हिवाळ्यातही राहू लागले. त्या बेटांवरही वस्तीबाहेर जावयाचे तर अस्वलांपासून बचावाचे साधन जवळ बाळगावे लागते. सड्यावर बर्फाचा हिशेब आणि खाली धक्क्यावर कोळशाचा, असे दोन्ही कित्येक वर्षे एकाच टेकडीवर चालले होते. मी रोज त्या पायथ्याशी येत-जात होतो, आणि या दोन वह्या कधी शेजारी ठेवून पाहाव्यात असे माझ्या मनात आले नाही.

चर्चिलहून परतल्यावर, त्याच डिसेंबरात, विनिपेगच्या वर्तमानपत्रांत एक आकडा आला. पश्चिम हडसन उपसागराच्या अस्वलांची २०२१ साली विमानातून गणना झाली होती. १९८० नंतरच्या दशकात तेथे सुमारे १,२०० अस्वले होती. २०१६ साली ८४२. आणि २०२१ साली ६१८. मुलीने तो आकडा मला वाचून दाखविला आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवले.

सर्वत्र हीच स्थिती आहे असे मात्र नाही. जगात अजून सुमारे २६ हजार पांढरी अस्वले आहेत. काही प्रदेशांत त्यांची संख्या टिकून आहे, आणि उत्तरेच्या काही वस्त्यांतले इन्युइट लोक तर सांगतात की अस्वले पूर्वीपेक्षा अधिक दिसतात. या प्राण्याला माणसाने एकदा वाचविलेही आहे. बेसुमार शिकारीने तो संकटात आला तेव्हा १९७३ साली कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या पाच देशांनी, आपसांत एवढे वैर असताना, ऑस्लोला एकत्र येऊन करार केला आणि बंदुकीला आवर घातला. बंदूक डोळ्यांना दिसत होती आणि ती चालविणारा हातही. आताच्या संकटात हात अगणित आहेत, आणि त्यांतले बहुतेक माझ्यासारखे; ज्यांनी आयुष्यात अस्वलाचा केसही दुखविला नाही असे.

तरी त्या तीन चौरस मीटरांच्या आकड्यात मला एक आधारही सापडला. हिशेबाचा आकडा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. एक टन वायू हवेत गेला तर तीन मीटर जातो. तसाच, एक टन न गेला तर तीन मीटर राहतो. शास्त्रज्ञांच्या म्हणण्याप्रमाणे या सागरी बर्फाला असा एखादा उंबरठा नाही, की तो ओलांडला म्हणजे सारेच संपले. तो उष्णतेच्या मागोमाग चालतो. उष्णता थांबली तर तोही थांबेल. नव्याण्णव जहाजे उतरली म्हणून शंभरावे उतरविण्यात आता काय अर्थ, असे म्हणावयाची सोय येथे नाही. माझ्या घरचे दिवे आणि पंखे आता छपरावरच्या उन्हावर चालतात. त्याने कोणते पुण्य जोडले असे मी मानीत नाही. भरल्या घरात एक पान कमी करण्याइतकेच ते आहे. पण ते कमी करण्याची पाळी आता आमच्या पिढीची आहे, एवढे मला समजले आहे.

त्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, चर्चिलच्या खोलीत मुलीने माझ्यासाठी पारण्याची तयारी केली होती. विनिपेगहून डब्यात आणलेले पोहे, गूळ, खजूर. खिडकीतून उपसागराचा तुकडा दिसत होता. पाणी अजून हलत होते. मी आचमन केले आणि घास उचलला. आईच्या त्या वर्षीच्या ‘नवसा’चा शेवट कधी आणि कसा झाला, हे मी मावशीला विचारले नव्हते, ते आता विचारावयास मावशीही राहिलेली नव्हती. कोणत्या तरी दिवशी कोणाच्या तरी घरून तांदूळ आला असेल, आणि आईने रात्रीच्या वेळी आपले पान मांडले असेल. त्या घासाकडे पाहावयाला आम्ही कोणी नव्हतो. आम्ही निजलो होतो.

“बाबा, जेवा ना,” मुलगी म्हणाली. मी जेवलो. संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत फिरलो.

आता मी गावीच असतो. कार्तिकी द्वादशीला देवळातून पारण्याची वेळ कळते, तुळशीला ऊस टेकविला जातो, पाने मांडली जातात. पानावर बसण्यापूर्वी मी मुलीला दूरध्वनी करतो. तिकडे तेव्हा रात्र असते, पण ती जागी राहते; मी काय विचारणार हे तिला ठाऊक असते.

“पाणी गोठले का ग?”